रुमाल टाकलेली जागा

चाकण,
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सिद्धोधनचा जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस. हातपाय शाबूत आहेत, पोलिसांनी धरलेलं नाही, लग्नही केलेलं नाही. फक्त फोन गेला. गेला म्हणजे वितळला. आम्ही रस्त्यावर पांढरे पट्टे मारतो ना, तो रंग टाकीत उकळत ठेवावा लागतो, गुळाच्या काहिलीसारखा. मी वाकून बघायलो होतो आणि फोन वरच्या खिशातून सरळ आत. फट् असा आवाज झाला. मुकादम म्हणाला, "हात घालू नको येड्या, हात पण पट्ट्यात जाईल." मग तो रंग तसाच रस्त्यावर ओतला. म्हणजे माझा फोन आणि त्यातले सगळ्यांचे नंबर आता नाशिकच्या रस्त्यावर एका पट्ट्यात आहेत, वरून ट्रक जायलेत.

तुझा नंबर पाठ नव्हता. कोणाचाच नव्हता. पत्ता तेवढा पाठ निघाला, शाळेच्या वहीवर लिहायचो तो. शाळा सुटली पण पत्ता राहिला.

नवा फोन होळीनंतर बघू. तोवर मजा बघ. परवा एका हॉटेलात गेलो, तर मेनूकार्ड नाही. टेबलावर काळा चौकोन चिकटवलेला, त्याचा फोटो काढायचा म्हणे. मी म्हणालो, "तोंडानं सांग ना, काय आहे." वेटर म्हणाला, "तोंडानं ऑर्डर घेत नाही दादा, सिस्टीममध्ये बसत नाही." शेजारी मिसळीचा वास सुटलेला. पाणी पिऊन उठलो. सलूनात गेलो तर खुर्ची रिकामी, न्हावी मोबाईल बघत बसलेला, तरी म्हणतो नंबर ॲपवरून लावा. केस कानावर आलेत. तू बघशील तर कात्रीच घेशील.

आणि हो, काल एक कुत्रं रस्त्याच्या कडेला असं झोपलं होतं की उठेचना. ढकललं, बिस्कीट दाखवलं. शेवटी मुकादमानं पट्टा त्याच्या भोवतीनं वळवला. सरळ रस्त्यावर एवढीच वाकडी रेघ. मला लय आवडली. साहेब बघेल तेव्हा बघेल.

खरी गोष्ट राहिलीच. मी खोली केलीय! टपरीत झोपणं नाही, रंगाच्या टेम्पोत नाही. पार्वतीबाई म्हणून मालकीण आहेत, एकट्याच असतात. खिडकी आहे, खिडकीतून डोंगर आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत काम इथंच. तू ये. दोन वर्षं झाली तुला बघून. गंगाखेडहून ती निळी ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटते ना, ती सकाळी थेट आमच्या चौकात थांबते. एसटीनं येऊ नको, तीन गाड्या बदलशील आणि पुण्यात हरवशील. कधी येतेस ते पत्र टाकून कळव.

तुझा,
सिद्धोधन


राणीसावरगाव,
१८ जानेवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,
आत्याचा जय भीम आन लय आशीर्वाद.

पोस्टमन दारात आला तवा शेजारची कासाबाई शेळ्या घेऊन निघाली व्हती, ती तिथंच थांबली. म्हनली, "सरजाबाई, आता कुनाला पत्र येतंय गं? ब्यांकेची नोटीस आसंल." मी म्हनलं, भाच्याचं हाय. म्हने, वाचून दाखीव. न्हाई दाखिवलं. दिवसभर तोंड वाकडं करून व्हती, शेळ्यास्नी शिव्या देत.

माझा बी फोन बंद हाय. बटनं चांगली हायेत पर आतलं सिम मेलं. दुकानदार म्हनला, मोठा फोन घ्या मावशी. मोठ्या फोनात मी काय बगू? हाय तो फळीवर ठिवलाय. तुझा फोन आता जानेवारीत गेला म्हनतूस. माझा दिवाळीपासून बंद हाय. मला वाटायचं, पोरगं फोन लावत आसंल, लागत नसंल, जीव खालवर करत आसंल. मधल्या दिवसांचं मी काही इचारत न्हाई.

यायचं म्हनतूस तर येते. चार दिवस राहीन. तुझे मामा, म्हंजी माझे मालक, गेल्यापासून मी कुठं गेलेच न्हाई.

निळ्या गाडीचं तिकीट पहिलं योगीराज द्यायचा, गंगाखेडच्या फाट्यावर लिंबाखाली टेबल मांडून. त्याच्याकडं गेले तर टेबल हाय, योगीराज बी हाय, पर तिकीट न्हाई. म्हनला, "आत्याबाई, आता समदं मोबाईलात. मालकानं मला बी मोबाईलात घातलंय, मी इथं नुसता बसायलोय सवयीनं." मग कासाबाईच्या गोपाळला म्हनलं. तो सोयाबीनच्या येपारात आसतो, त्याला समदं कळतं. त्यानं बोटानं टकटक केलं आन म्हनला, निघालं तिकीट. ३१ तारखेला सांजच्याला बसते, १ तारखेला सकाळी तुझ्या चौकात.

खिडकीची जागा हाय का म्हनून इचारलं तर हसायला लागला. त्याला काय ठावं खिडकी. तुला आठवतंय का, ताडकळसच्या बाजाराला जाताना एसटी आली की लोक रुमाल टाकायचे, पिशवी टाकायचे, आन मी तुला टाकायची! मामा खालून ढकलायचे, तू खिडकीतून आत. मी वरडायची, "मी आल्याबिगर हालू नको. कुनी ऊठ म्हनलं तर सांग, मानूस यायलंय." येवढंसं पोरगं, तीन जागा धरून बसायचास पाय फाकून. मारलं तरी हालायचा न्हाईस. आन आता बग, कुठं टिकत न्हाईस.

चटनी आनते. कात्री बी आनते.

तुझी आत्या,
सरजाबाई


चाकण,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

तू कुठं आहेस?

काल उजाडायच्या आधीपासून चौकात उभा होतो. पार्वतीबाईंनी तुझ्या आंघोळीला पाणी तापवून ठेवलं होतं. निळी गाडी आली. बाया उतरल्या, पोरं उतरली, एक माणूस कोंबडं घेऊन उतरला. तू नाही. मी वर चढलो तर गाडीचा क्लीनर ओरडला, "ओ, आधी क्यूआर दाखवा." मी म्हणालो, "अरे बाबा, चढायला नाही, उतरवून घ्यायला आलोय."

चौथ्या रांगेत खिडकीपाशी तुझी पिशवी होती. खताच्या गोणीची, तूच शिवलेली, मी लांबूनच ओळखली. वर मामांचा चौकड्याचा रुमाल. जागा रिकामी. मागच्या सीटवर ताडकळसच्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्या पुढं पुण्याला जायच्या होत्या. म्हणाल्या, "कुनाची रे ही पिशवी? आमाला वाटलं बाई मागं कुठं बसली आसंल. रातभर बसू दिलं न्हाई कुनाला." त्या जागेचा नंबर म्हणे एका पोराच्या मोबाईलात होता. तो दाखवायला लागला, ही माझी सीट. एक म्हातारी त्याला म्हणाली, "मोबाईलात आसंल तुझी. इथं रुमाल हाय, दिसत न्हाई का?" गप पुढच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसला बिचारा. मला हसू आलं आत्या. पण रुमालानं एवढा प्रवास केला आणि तू कुठं राहिलीस?

त्यांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे एक काच आणि आत एक मुलगी. म्हणालो, आमचं माणूस हरवलंय. म्हणाली, "हेल्पलाईन ॲपमध्ये आहे सर." फोन नाही. "मग ॲप डाउनलोड करा सर." फोन नाही हो. तिला पण वाईट वाटायलं होतं, तिच्या तोंडावर दिसायलं होतं, पण तिच्याकडं दुसरं वाक्यच नव्हतं. शेवटी तिनं तिच्या मशीनमध्ये बघितलं. म्हणाली, सरजाबाई नावाचा प्रवासी गैरहजर. शाळेत मला म्हणायचे ते. तुला आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणालं असेल.

पिशवी उघडली, रागावू नको. वाटलं आत काही कळेल. पीठ, चटणी, कात्री. खाली लुगड्यात गुंडाळलेला मामांचा फोटो, भिंतीवरचा, चौकटीसकट. आणि फळीवरची बुद्धाची छोटी मूर्ती. चार दिवसांसाठी कोणी भिंत रिकामी करतं का, आत्या?

निघावं वाटतं. पण मी निघालो आणि तू मागच्या गाडीनं आलीस तर? म्हणून इथंच आहे. रोज सकाळी चौकात जातो, निळी गाडी येऊन जाईपर्यंत थांबतो, मग कामावर. मुकादम म्हणतो, तू काय गाडीच्या प्रेमात पडलास का.

लगेच लिही.

सिद्धोधन


राणीसावरगाव,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,
आत्याचा जय भीम.

मी घरीच हाय. जिवाला घोर लावून घेऊ नको.

झालं आसं की त्या दिवशी गोपाळ मला फाट्यावर सोडनार व्हता. तर दुपारी त्याला जिंतूरहून येपाऱ्याचा सांगावा आला, गेला तिकडं. जाताना म्हनला, "तुमचं तिकीट निघालंय मावशी, बिनघोर बसा." मी बिनघोर गेले.

गाडी आली तशी मी आधी पिशवी टाकली खिडकीतून. वर रुमाल. जल्मभर आसंच केलंय, आधी जागा, मग तिकीट. मग दारात गेले तर किन्नर म्हनला, मोबाईल दाखवा. मी म्हनलं, तिकीट निघालंय, गोपाळच्या मोबाईलात हाय. "गोपाळ कुठंय?" म्हनलं, जिंतूरला. समदी गाडी हसली. तो म्हनला, "मावशी, तिकीट जिंतूरला, तुमी गंगाखेडला, मग गाडीनं न्यायचं कुनाला?"

मी म्हनलं, बाबा, माझं नाव घे, तुझ्या कागदात बग. म्हनला, "कागद न्हाई मावशी, मशीन हाय. मशीनला चौकोन पायजे, नाव चालत न्हाई." पोरगं वाईट नव्हतं. मागच्या गाड्या भोंगे वाजवायल्या व्हत्या, त्याला बी घाई. मी म्हनलं पिशवी तरी दे, तवर दार लागलं. माझं तिकीट निघालेलं, जागा धरलेली, पिशवी आत, आन मी तेवढी खाली.

योगीराजनं बगितलं समदं. पळत गेला गाडीमागं. मग येऊन त्याच्या रिकाम्या टेबलावर बसला.

पुढलं कुनाला सांगू नको. मी समद्या गल्लीला सांगून निघाले व्हते, पुन्याकडं चालले म्हनून. कासाबाईला तर तीनदा. कोनत्या तोंडानं परत जायाचं? पुढल्या दाराचं कुलूप तसंच ठिवलं आन मागल्या दारानं आत गेले. चूल पेटवली न्हाई, धूर दिसंल म्हनून. दिवा लावला न्हाई. चुरमुरे खाल्ले. बाहेर बाया बोलायच्या, "सरजाबाई आता भाच्याकडं मजेत आसंल," आन मी आत भिताडाला टेकून ऐकायची. चार दिवस राहीन म्हनले व्हते ना, तसे चार दिवस राहिले, माझ्याच घरात पावनी. शेवटी कासाबाईची बकरी मागल्या दारात येऊन वरडली, तिला हाकलताना घावले. कासाबाई म्हनली, "आगं बया, तू पुन्याला न्हाईस व्हय?" मग भाकरी आनून दिली. गोपाळला लय बोलली, त्याचा बी काय दोष.

फोटोचं काही मनात आनू नको. मामास्नी पुनं बगायचं व्हतं म्हनून घेतला. नीट ठेव. भिंतीवर त्याची जागा पांढरी दिसायली, तिकडं बगू वाटत न्हाई.

आता मी येत न्हाई. तू बी काम सोडून यायची गरज न्हाई. चटनी खा, लय दिवस ठिवली तर खवट व्हती.

तुझी आत्या


चाकण,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

पत्र मिळालं. तू आहेस हे वाचून आधी खालीच बसलो. बाकीचं नंतर वाचलं. चुरमुऱ्यांपाशी येऊन थांबलो, पुढं वाचवेना.

येत नाही म्हणतेस. बरं.

इथलं काम आधीच संपलं. येत्या सोमवारी सगळे कोकणात जायलेत, चिपळूणच्या बाजूला घाटात पट्टे मारायचेत. मुकादम म्हणतो, वळणं लय आहेत, रेघ मारता मारता चक्कर येते. समुद्र जवळ आहे म्हणे. मी समुद्र बघितलाच नाही अजून, एवढा फिरलो तरी. एकदा गोव्याला गेलो होतो, पण तिथं हॉटेलात भांडी घासायला, आणि मोरीतून समुद्र दिसत नव्हता.

तुझी पिशवी पार्वतीबाईंकडं ठेवून जातो. फोटो टेम्पोत फुटेल. पुढचा पत्ता मलाच माहीत नाही, रोज गाव बदलणार. थांबलो कुठं की कळवीन.

केस अजून कापलेले नाहीत.

सिद्धोधन


चाकण,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,
आत्याचा जय भीम.

बग, माझ्याच घरच्या पत्त्यावर मी पत्र लिहायले. पार्वतीबाईनं कागद दिला.

तुझं पत्र शनिवारी आलं. "पुढचा पत्ता माहीत न्हाई" वाचलं आन वाटलं, आता हे पोरगं सुटलं. फोन न्हाई, पत्ता न्हाई, मग मी पत्र टाकू कुठं? सोमवारच्या आत तुला गाठू म्हनून निघाले. पर रविवारी कासाबाई आडवी आली, म्हनली एकटी जाऊ नको, गोपाळ येऊ दे. त्यात दिवस गेला. सोमवारी कुनाला न सांगता एसटीत बसले. रुमाल तुझ्याकडं. गंगाखेडला खिडकीतून एक चप्पल टाकली, परभनीला दुसरी. दोन्ही खेपेला जागा घावली. कंडक्टरनं तिकीट दिलं ते मुठीत धरून बसले पुन्यापतूर, घामानं वलं झालं. पुन्यात दहा जनास्नी इचारलं. नऊ जन मोबाईल बगून सांगायचे आन चुकीचं सांगायचे. एका झाडूवालीनं हाताला धरून बरोबर गाडीत बसवलं.

मंगळवारी इथं पोचले. पार्वतीबाईनं दार उघडलं, मी म्हनलं सिद्धोधनची आत्या. ती डोक्याला हात लावून म्हनली, "आहो, तो कालच तुमच्याकडं गेला की! पिशवी घेऊन गेला." आधी आमी दोघी हसलो. मग ती च्या करायला आत गेली आन मी तुझी खोली बगितली. खाट, खिळ्याला रंगाचा सदरा. खिडकीतून डोंगर दिसतो, खरंच. पर बगायला तू न्हाईस तर डोंगराचं काय करू?

पार्वतीबाई म्हनते, फोन लावू का तुमच्याकडं कुनाला. लाव की, पर नंबर? गोपाळचा नंबर गोपाळच्या फोनात.

आता सांग, मी निघू का तू यायलास? दोघं बी निघालो तर पुन्हा तेच व्हईल. तुझं पत्र आल्याबिगर मी इथून हालत न्हाई. पर लवकर लिही. पार्वतीबाई चांगली हाय, तरी दुसऱ्याच्या घरात हात कुठं ठेवावा कळत न्हाई.

तुझी आत्या


राणीसावरगाव,
४ मार्च २०२५

ती. आत्यास,
सिद्धोधनचा जय भीम.

तुझं पत्र आत्ताच आलं. पोस्टमन म्हणाला, "नाव तुमचं, पत्ता सरजाबाईचा, अक्षर पण सरजाबाईचं, हा काय घोळ आहे?" कासाबाई शेळ्या घेऊन उभीच होती. या वेळी मी वाचून दाखवलं. चपलेपाशी ती एवढी हसली की शेळ्या पांगल्या. पुढचं वाचलं तेव्हा पदर डोळ्याला लावला.

मी कोकणात का गेलो नाही ते सांगतो. सोमवारी टेम्पोत बसलो होतो. पिशवी पार्वतीबाईंना द्यायला उतरलो, आणि माझ्या जागेवर कोणी बसू नये म्हणून मामांचा रुमाल टाकून आलो. पिशवी दिली, परत आलो. टेम्पोत सगळे दाटीवाटीनं बसलेले, मधे रुमाल, त्याच्याभोवती जागा सोडलेली. त्या कुत्र्याभोवती सोडली होती तशी. मी बघतच राहिलो. म्हटलं, ही जागा मी कशाला धरायलोय? मुकादम म्हणाला, "बस की लवकर, समुद्र पळून जाईल." मी रुमाल उचलला, पिशवी परत मागून घेतली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागलो. तू परभणीला चप्पल टाकत होतीस तेव्हा मी बहुतेक समोरच्या गाडीत असेन.

इथं आलो तर कुलूप. कासाबाई म्हणाली, न सांगता गेली, तुझ्याकडंच गेली असणार. पहिल्या दिवशी ओट्यावर बसलो. मग मागचं दार आठवलं, तूच लिहिलं होतंस. आत गेलो. चुरमुऱ्याची पुडी तशीच होती भिंतीपाशी. तिथं टेकून बसलो थोडा वेळ. बाहेरून बाया बोलताना ऐकू येतात, सगळं, अगदी कुजबुज सुद्धा. त्या माझ्याबद्दल बोलायल्या होत्या. "पोरगं आलंय म्हनं, दोन दिवसात जाईल."

तुझं पत्र येईपर्यंत दोनदा पिशवी उचलली. दोनदा फाट्यापर्यंत गेलो. योगीराज लिंबाखाली बसलेला असतो, रिकाम्या टेबलापाशी. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "तुमी दोघं आसेच गाड्यांतून एकमेकाला हुकनार. एकानं तर बूड टेका." त्याच्याकडून आलो आणि मामांचा फोटो खिळ्यावर लावला. पांढरी जागा बरोबर झाकली. मूर्ती फळीवर ठेवली, तुझ्या मेलेल्या फोनाशेजारी. पुढच्या दाराचं कुलूप तोडलं. नवं घेतलेलं नाही, लागणारच नाही. चूल पेटवली, मुद्दाम ओली लाकडं घातली, सगळ्या गल्लीला धूर दिसू दे. कासाबाईनं कात्रीनं माझे केस कापले, शेळीचे कापतात तसे. बघून हसू नको.

तू ये. पार्वतीबाईंना म्हण, तिकीट कागदाचं काढून द्या. रुमाल माझ्याकडंच आहे, तेव्हा पुन्हा चपला टाकाव्या लागतील. सावकाश ये, दोन दिवस लागू दे, चार लागू दे.

संध्याकाळची एसटी आली की मी ओट्यावर जाऊन बसतो. शेजारी रुमाल टाकतो, तुझ्यापुरती जागा सोडून. काल कासाबाई भाकरी घेऊन आली, तिथंच टेकायला लागली. मी म्हणालो, "मावशी, तिथं नको." म्हणाली, "का रे, कुनाची हाय?"

मी पाय फाकून बसलो आणि सांगितलं, माणूस यायलंय.

तुझा,
सिद्धोधन